आप्पांनी वसवलेले गाव

काळेवाडीतील माझ्या दवाखान्यात गेली सत्तावीस वर्षे एक वाक्य मी रोज निदान दहा वेळा उच्चारत आले आहे : "आता तुम्ही आराम करा." पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, सुपरवायझर, मुलाच्या नोकरीमुळे गाव सोडून इथल्या सदनिकांत आलेले आईवडील, या साऱ्यांना मी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर हे वाक्यही देत असे. त्यात सद्भावना होती. मात्र ते वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते, हे माझे स्वतःचे वडील माझ्या घरी राहायला येईपर्यंत मला कळले नव्हते. आणि ते कळले एका व्हिडिओ गेममुळे, हे सांगताना मला आजही थोडा संकोच वाटतो.

आप्पांचे वय अठ्ठ्याहत्तर. जुन्नर तालुक्यात बाजरी, कांदा, गहू पिकवण्यात त्यांची हयात गेली. दोन वर्षांपूर्वी आई गेली. गुडघे साथ देईनात, तेव्हा जमीन वाट्याने देऊन मी त्यांना इकडे आणले. लेकीच्या घरी कायमचे राहणे त्यांच्या पिढीला किती जड जाते, याची मला कल्पना होती. म्हणून मी त्यांना कशालाही हात लावू दिला नाही. दूध आणायला जातो म्हणाले, तर तापकीर चौकातल्या वाहतुकीची भीती घातली. भाजी निवडतो म्हणाले, तर बाई येते आहे ना, म्हणून थांबवले. तीन महिन्यांत त्यांचे वजन चार किलोंनी उतरले. रक्तातील साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-बारा सर्व तपासून झाले. काही सापडले नाही. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीने त्यांना पाहिले, नैराश्याचे निदान केले आणि कमी मात्रेत औषध सुरू केले. (वाचकहो, वृद्ध माणसाचे वजन विनाकारण घटत असेल, तर "वयच झाले" म्हणून सोडून देऊ नका.) औषधाने झोप सुधारली. बोलणे मात्र परतले नाही.

डिसेंबरात माझा मुलगा अभियांत्रिकीची परीक्षा आटोपून घरी आला आणि संगणकावर 'मेडिव्हल डायनॅस्टी' नावाचा खेळ खेळू लागला. पोलंडमधल्या रेंडर क्यूब या कंपनीने बनवलेला हा खेळ 2021 साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन युरोपातील एका खोऱ्यात रासिमीर नावाचा अठरा वर्षांचा पोरका तरुण आपल्या काकाच्या शोधात येतो. काका वारलेला असतो. तिथला अधिकारी त्याला जमिनीवर घर बांधण्याची परवानगी देतो, आणि मग त्या मुलाने काटक्या-दगड वेचून कुऱ्हाड करायची, झोपडी उभारायची, माणसे जमवून गाव वसवायचे. या खेळात गोळीबार नाही, घाई नाही. ऋतू येतात, जातात.

आप्पा सोफ्यावर बसून खिडकीकडे पाहत असत. एके दिवशी त्यांची मान पडद्याकडे वळली.

"हा कोण रे? एकटाच लाकडं तोडतोय."

"आजोबा, हा मीच आहे. आता जवस पेरायचंय."

"कोणता महिना चाललाय?"

"वसंत ऋतू."

"वसंतात जवस? जवस रब्बीचं पीक. कुणी शिकवलं तुला?"

कित्येक आठवड्यांत मी त्यांचा इतका ठणठणीत आवाज ऐकला नव्हता. नातवाने समजावले, की त्या देशात हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून तिथे जवस वसंतात पेरतात आणि त्याच्या धाग्यापासून कापड विणतात. आप्पांनी ते मान्य केले, पण अर्धेच. शरद ऋतू आल्यावर खेळाने गहू पेरायला सांगितला, तेव्हा मात्र त्यांचे समाधान झाले. "दसऱ्यानंतर गहू. हे बरोबर आहे," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

पुढच्या आठवड्यात माऊस त्यांच्या हाती होता. आज अनेक घरांत असा संगणक आणि असे आजोबा आहेत, म्हणून आप्पांनी आणि माझ्या मुलाने मिळून जे शोधले, ते थोडे तपशिलाने सांगते.

पहिली गोष्ट, खेळाची गती. मुळात या खेळात एक ऋतू तीन दिवसांचा असतो. म्हणजे बारा दिवसांत वर्ष सरते आणि माणसांचे वयही वाढते. ज्येष्ठ माणसाची यात दमछाक होते. नवा डाव मांडताना ऋतूचे दिवस वाढवता येतात. आम्ही दहा ठेवले. त्यामुळे पीक उशिरा येते खरे, परंतु प्रत्येक कामाला अवधी मिळतो. दुसरी गोष्ट दृष्टीची. पात्राच्या डोळ्यांतून पाहण्याच्या पद्धतीत काहींना गरगरते, मळमळते. अशा वेळी पात्र मागून दिसेल असे दृश्य निवडावे. जमिनीवरच्या काटक्या, दगड दिसत नसतील, तर त्या उठून दिसाव्यात अशी सोय एका कळीवर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आप्पांना तिचा मोठा आधार झाला. अंगावर फार ओझे घेतले की पात्राची चाल मंदावते. "बैल बसेल इतकं लादू नये," या शब्दांत आप्पांनी तो नियम लक्षात ठेवला. लांडगे, रानडुकरे असलेल्या रानात रात्री जाऊ नये; अंधार पडण्यापूर्वी घरी येऊन झोपावे.

शेतीचा क्रम त्यांना शिकवावा लागला नाही : आधी खत, मग कुदळ, मग बी. सडलेले अन्न फेकून न देता त्याचे खत करता येते, हे कळल्यावर तर ते खेळ बनवणाऱ्यांवर प्रसन्नच झाले. वापसा आल्याशिवाय पेरणी कशी, एवढी एकच तक्रार उरली.

पहिल्या हिवाळ्यात मात्र त्यांचा डाव फसला. उत्साहाच्या भरात त्यांनी एकामागून एक घरे बांधली, वाटेवरच्या माणसांना गावात बोलावले. परंतु धान्य आणि सरपण पुरेसे नव्हते. गावकऱ्यांची नाराजी वाढत गेली आणि माणसे गाव सोडून जाऊ लागली. त्या संध्याकाळी आप्पा जेवताना गप्प होते. मी धास्तावले. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "घरं आधी केली, बेगमी नंतर. उलटं झालं. तुझ्या आईनं असं होऊ दिलं नसतं." आई गेल्यापासून त्यांनी तिचे नाव प्रथमच काढले होते. मग पावसाळ्यापूर्वी आई सरपण, डाळी, पापड-कुरडया कशा साठवायची, कणगीतल्या धान्यात कडुनिंबाचा पाला कसा घालायची, हे ते रात्री उशिरापर्यंत नातवाला सांगत राहिले. दोन वर्षे अडून राहिलेले दुःख त्या खेळातल्या रिकाम्या कोठारातून वाट काढून बाहेर आले.

दुसरा डाव त्यांनी शहाणपणाने मांडला. आधी कोठार आणि सरपण, मग माणसे. प्रत्येक गावकऱ्याचे कौशल्य वेगळे असते : कोणी शेतीत तरबेज, कोणी शिकारीत, कोणी कारागिरीत. ज्याला जे येते, ते काम त्याला नेमून द्यायचे आणि हत्यारे झिजतात म्हणून ती वेळेवर पुरवायची. "हे तर आपलं बलुतं," आप्पा म्हणाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' या ग्रंथात जी व्यवस्था नोंदवून ठेवली, तिचे अखेरचे दिवस आप्पांनी लहानपणी पाहिले होते. लोहार, सुतार, चांभार, मांग, कोणाच्या घरी सुगीत किती पेंढ्या जात, कोणाला दाराबाहेरच उभे राहावे लागे, हेही त्यांनी सांगितले. माझ्या मुलाने पाठ्यपुस्तकात वाचलेले मध्ययुग त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बोलत होते.

आमच्या सोसायटीत अर्थातच कुजबुज झाली. या वयात व्हिडिओ गेम? मी एवढेच सांगे, की आळंदी इथून काही लांब नाही. सापशिडीचा मूळ मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला, असे आपली परंपरा मानते. त्या पटावर पहिले घर जन्माचे, शेवटचे मोक्षाचे. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. आयुष्याची तालीम खेळातून करावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. जपानमधील हमाको मोरी या आजींची तर 2020 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, व्हिडिओ गेम खेळून दाखवणाऱ्या जगातील सर्वांत ज्येष्ठ यूट्यूबर म्हणून गिनीज बुकात नोंद झाली.

एक डॉक्टर म्हणून येथे सावधपणे बोलले पाहिजे. 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 60 ते 85 वर्षे वयाच्या व्यक्तींनी खास बनवलेल्या गेमचा सराव केल्यावर एका वेळी दोन कामांकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता सुधारल्याचे आढळले. 2017 साली कॅनडातील संशोधकांनी 55 ते 75 वयाच्या लोकांना सहा महिने एक त्रिमितीय गेम खेळायला दिला, तेव्हा स्मरणाशी संबंधित मेंदूच्या भागात अनुकूल बदल दिसले. परंतु हे अभ्यास लहान होते आणि ते गेमही वेगळे होते. खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. आप्पाही केवळ खेळाने बरे झाले, असे मी म्हणणार नाही; औषधाचा आणि नातवाच्या सहवासाचा वाटा मोठा आहे.

आणि खेळाचे तोटेही मी घरातच पाहिले. एका रात्री एक वाजता उठले, तर आप्पा पडद्यासमोर. पाय सुजलेले, पाण्याचा तांब्या भरलेला तसाच, रात्रीची रक्तदाबाची गोळी घेतलेली नाही. माझा तोल गेला. मी सरळ संगणकाचे बटण बंद केले. त्यांचे त्या दिवसाचे काम पुसले गेले असणार. ते काही वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मी लेकीच्या घरात आहे, हे माझ्या ध्यानात आहे, ताई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रुग्णाशी मी असे कधीच वागले नसते. सकाळी मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "मापी कशाला मागतेस? पण एक सांग. या गावात मी पोराला लाकडं आणायला लावतो, म्हाताऱ्याला शेत बघायला सांगतो. रिकामा कुणालाच ठेवत नाही, कारण रिकामा माणूस खातो आणि कुढतो. तुझ्या घरात माझं काम काय?"

सत्तावीस वर्षे सांगत आलेल्या माझ्या त्या वाक्याला मिळालेले ते उत्तर होते. माझ्याकडे त्यावर काही बोलायला नव्हते.

मग आम्ही दोघांनी बसून दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, खेळाचे नियम. मी ते लादले नाहीत. आप्पांनीच कागदावर लिहिले. पाऊण तासाने उठायचे, घरभर फिरून गुडघे मोकळे करायचे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहायचे आणि पापण्या मुद्दाम मिटायच्या, कारण पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, मनगट टेकलेले. झोपण्यापूर्वी एक तास पडदा बंद. औषध आणि जेवण यांची वेळ खेळासाठी चुकवायची नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावे. खेळाच्या नादात जेवण लांबले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. फिट येण्याचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पार्किन्सनच्या काही औषधांमुळे एखाद्या गोष्टीचा अनावर छंद लागतो. तसा बदल दिसला तर रागावू नका, डॉक्टरांना कळवा. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'चा आजारांच्या वर्गीकरणात समावेश केला आहे : खेळावर ताबा न राहणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान होत असूनही खेळ चालूच राहणे, हे साधारण वर्षभर दिसले तर. शिवाय खेळ एकट्याने खेळावा. अनोळखी व्यक्तीशी बोलून बँकेचा किंवा कार्डाचा तपशील देऊ नये. आणि खेळ हा व्यायाम नव्हे. ज्येष्ठांनीही शक्य असेल तर आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, हे कायम आहे.

दुसरी गोष्ट, घरातली कामे. गच्चीवरच्या कुंड्या आप्पांकडे आल्या. आता तिथे मेथी, कोथिंबीर आणि एक नाराज दुधी भोपळा आहे. महिन्याच्या किराण्याची यादी ते करतात. घरातील सर्वांच्या औषधांचा साठा त्यांच्या वहीत असतो. माझ्या पतीच्या गोळ्या संपत आल्याचे माझ्याआधी त्यांना कळते. दूध आणायलाही ते जातात, काठी घेऊन, वाहतूक सुरू होण्यापूर्वी सहाला. मला अजूनही धाकधूक वाटते. पण चार किलोंपैकी तीन परत आले आहेत.

आता शेवटचे, आणि मला सर्वांत कठीण गेलेले. या खेळात रासिमीर म्हातारा होतो आणि मरतो. त्याने लग्न केलेले असेल, मूल वाढवलेले असेल, तर वारस गाव पुढे चालवतो. वारस नसेल तर डाव तिथेच संपतो. म्हणून जाणकार सांगतात, लग्नाला उशीर करू नका आणि मुलाला वेळ द्या. आप्पांचा रासिमीर साठीकडे झुकला, तेव्हा माझ्या मुलाने चाचरत विचारले, "आजोबा, नवा डाव मांडू या?" आप्पा हसले. "का? याचं पोरगं कर्तं झालंय. कोठार भरलेलं आहे. जाऊ दे की त्याला सुखानं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, माझं काय करायचं ते कधी विचारणार आहेस?"

इतरांच्या घरी हा विषय मी अनेकदा काढला आहे. स्वतःच्या घरी टाळत होते. आईच्या शेवटच्या अकरा दिवसांत अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेल्या तिच्याकडे पाहताना आप्पांनी काय सोसले, ते त्यांनी त्या दिवशी सांगितले. तिला हे हवे होते का, हे कुणीच तिला आधी विचारले नव्हते. मीही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करायचे, आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावे लिहायची आणि एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे ठेवायची. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात स्वतः निर्णय घेता येईनासा झाला, तरच ते लागू होते. तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री केल्यावर. मन बदलले तर ते बदलता येते. आप्पांनी ते केले. माझ्या नावाबरोबर नातवाचे नावही लिहिले. सही करून झाल्यावर त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि परतताना पिंपरीच्या मंडईतून मेथीचे बी घेतले.

आता दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णाला चिठ्ठी देताना मी विचारते, "घरात तुमच्याकडे कोणतं काम आहे?" बरेच जण सोबत आलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे पाहतात. मी उत्तराची वाट पाहते.

काल रात्री साडेआठला आप्पांनी संगणक स्वतःच बंद केला. रासिमीरचा मुलगा आता गाव सांभाळतो. "सरपण पुरेल का हिवाळ्याला?" मी विचारले. चष्मा पुसत ते म्हणाले, "पुरून उरेल. तू जेवलीस का?"